प्लायवूडमागची खिडकी

धीरजने वॉर्डबॉय अशोकची कॉलर धरली आणि त्याला भिंतीवर आपटलं. औषधांचा ट्रे खणखणत खाली गेला.

"माझ्या बापाला बांधलंस? जनावर आहे का तो?"

कॉटवर रिटायर्ड सुभेदार मुरलीधर. कधी आवाज न चढवणारा माणूस. पोटाच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते आणि आता दोन्ही हात बँडेजने कॉटला बांधलेले. पोराला बघून ते किंचाळले, "कोण रे तू? हट!" आणि हातांना हिसके द्यायला लागले.

"भैया, ऑर्डर था! सलाईन खींच ली, सिस्टर को काट लिया," अशोक कळवळला. धीरजने त्याच्या नाकावरच ठोसा हाणला. रक्ताची धार लागली.

"बास!" कुसुमावती सिस्टर मध्ये घुसल्या. मनगटावर दातांचे वण. "चावले ते मला, मी मारलं का त्यांना? दुपारचा एक वाजलाय, पण इथे चोवीस तास ट्यूबलाइट. दिवस की रात्र कळेना, मग डोकं फिरणारच! मारायचंय ना? त्याला मार!"

त्यांनी कॉटशेजारच्या प्लायवूडकडे बोट केलं.

"त्याच्यामागे काय आहे?"

"खिडकी. हॉस्पिटल बांधणाऱ्याने मुद्दाम खाली ठेवली, झोपल्या झोपल्या झाड दिसावं म्हणून. तुम्ही नातेवाइकांनी तिच्यातून गुटखा थुंकला, खरकटं फेकलं. खाली अंगणात पेशंट बसायचे रे! ऑफिसने वैतागून ठोकून टाकली. तू काल चहाचा कप जिन्यातून खाली भिरकावलास, पाहिलं मी."

धीरज प्लायवूडकडे वळला. त्याने सरळ लाथ घातली. एक, दोन, तीन! प्लायवूड फाटलं, खिळ्याने तळहात चिरला. थंडीतलं ऊन म्हाताऱ्याच्या छातीवर पडलं.

ऑफिसातले साहेब धावत आले. "किसने तोड़ा?"

"मेरे नाम पे लिखो," सिस्टर म्हणाल्या.

लगेच काही चमत्कार झाला नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारा झाडाकडे बघत पडला होता. हात मोकळे. "धीरज, हाताला काय लागलं रे?"

धीरज हमसाहमशी रडला. मग अशोकसमोर हात जोडले. "माफ कर यार."

"नाक तो गया मेरा, हीरो," अशोक हसला.

तेवढ्यात दुसऱ्या एका पेशंटच्या नातेवाइकाने थुंकायला खिडकीतून तोंड बाहेर काढलं. धीरजची मूठ वळली... आणि सुटली! त्याने कचऱ्याचा डबा पुढे धरला.

दोस्तांनो, आजारी माणसाला औषध लागतं तसा उजेडही लागतो. कुणीतरी तो विचार करून बांधून ठेवलाय. आपल्या घाणीने तो बंद करायचा आणि वर वॉर्डबॉयला बडवायचं, ही कसली मर्दानगी?