मला न वाचता आलेला दर्या

मित्रांनो, रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात अयूब तांडेलांच्या करीमचा निकाह झाला, ते साल १९८६. राजापूरची शमीम सून म्हणून घरात आली आणि तिच्यामागोमाग टेम्पोत बसून मी आलो. मी एक संगणक आहे. तेव्हाही मी नवा नव्हतो. करीम दुबईत ज्या कचेरीत कामाला होता, तिथे मला टाकून दिलं होतं. त्यानं मला ब्लँकेटात गुंडाळून घरी आणलं.

मला पडवीत टेबलावर बसवलं. करीमच्या आईनं, ताजबींनी, माझ्यासाठी झालरीची खोळ शिवली. शेजारणी बघायला यायच्या.

"ह्याच्यावर सिनेमा लागतो काय गो?"

"नाय. नुसतं लाईटचं बिल लागतं," ताजबी सांगायच्या.

रजा संपली आणि करीम परत गेला. शमीम टायपिंग शिकलेली होती. एकदा अयूब तांडेल माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले. त्यांचा सारा जन्म मासेमारीच्या मचव्यावर गेला होता. पाण्याखाली कुठे खडक आहे, कुठे जाळं फाटतं, हे ते किनाऱ्यावरच्या खुणांवरून ओळखत. दीपगृह आणि सुरूचा शेंडा एका रेषेत आले की होडी वळवायची, अशा त्यांच्या खुणा. त्या त्यांनी कधी लिहिल्या नव्हत्या. त्यांना लिहिता येत नव्हतं.

"करीम दर्यात जायचा नाय," ते शमीमला म्हणाले. "मग माझा दर्या मी कोणाला देऊ? घाल ह्याच्या पोटात."

"बाबा, कागदावर पण लिहू काय?"

"कागदाला वाळवी लागते. ह्याला काय लागते?"

शमीम इंग्रजी अक्षरांत त्यांची मराठी उतरवू लागली. आतून ताजबी ओरडायच्या, "दर्या पुरे झाला, भात करपला." मला मात्र ते दिवस फार आवडले. दुबईत माझ्याकडून नुसती पत्रं टाईप करून घेतली जात. इथे माझ्या चकत्यांवर, म्हणजे फ्लॉपींवर, एका माणसाचं आयुष्य उतरत होतं.

१९८८च्या शिमग्यात अयूब तांडेलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. मग रोज संध्याकाळी शमीम मला सुरू करायची आणि त्यांचंच बोलणं त्यांना वाचून दाखवायची. ते डोळे मिटून ऐकायचे. एखादी खूण ओळखीची आली की डाव्या हाताचं बोट हलायचं. त्यांचा आवाज आता माझ्यापाशीच उरला होता.

बापाला बघायला करीम धावत आला. येताना त्यानं माझ्यासाठी नवी सिस्टीम आणली. मित्रांनो, संगणकाला एक मूळ भाषा शिकवावी लागते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. ती चकतीवरून आमच्यात भरतात. माझी जुनी सिस्टीम आता कोणी वापरत नाही, असं करीम म्हणाला. बापासाठी काहीतरी करावं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं नवी सिस्टीम भरली. कोरी चकती रत्नागिरीत मिळेना, म्हणून तिची जादा प्रत त्यानं जुन्या सिस्टीमच्या चकतीवरच काढली. जुनी सिस्टीम तेवढ्या एकाच चकतीवर होती, ती पुसली गेली.

"बघा बाबा, आता कसा पळतो."

शमीमनं नेहमीचे शब्द टाईप केले. ही आज्ञा चुकीची आहे, असं मी म्हणालो. तिनं खुणांची चकती घातली. ही चकती वाचता येत नाही, असं मी म्हणालो. तिनं काढली, पुसली, पुन्हा घातली. मी पुन्हा तेच म्हणालो. अक्षरओळख नसलेल्या माणसापुढे कोणी पत्र धरावं, तसं माझं झालं होतं. अक्षरं होती तिथेच होती. माझ्याच हातून लिहिलेली, आणि मला एकही ओळखू येईना.

खाटेवर अयूब तांडेल वाट बघत होते. त्यांचं बोट माझ्याकडे रोखलेलं होतं.

"मी तिकडून जुनी सिस्टीम पाठवतो," करीम म्हणाला. "चकत्या तेवढ्या जपा." आणि तो गेला.

चकत्या ताजबींनी जपल्या. पावसाळ्याआधी आमच्याकडे आगोट करतात. चार महिन्यांचं सगळं कडक उन्हात वाळवून भरून ठेवायचं, नाहीतर बुरशी धरते. शमीम माहेरी गेली होती. ताजबींनी अंगणात चटई टाकली. एका बाजूला सुकट, एका बाजूला आमसुलं आणि मधे नवऱ्याच्या चकत्या. ऊन आतपर्यंत लागावं म्हणून त्यांनी चकत्यांची पाकिटंही काढली, आणि कावळ्यांना हाकलत दिवसभर बाजूला बसून राहिल्या.

जुलैत आंजर्ल्याचा एक माणूस दुबईहून आला, त्याच्याबरोबर जुनी सिस्टीम आली. शमीमनं ती माझ्यात भरली. मला माझी भाषा आठवली. मग तिनं खुणांची चकती घातली. चकती पापडासारखी वाकली होती. ती फिरेना, नुसती घासत राहिली. शमीमनं दुसरी घातली, तिसरी घातली. सगळ्या तशाच.

"मी वाळवल्या म्हणून काय गो?" ताजबींनी विचारलं.

"नाय मा. आधीच बिघडल्या होत्या."

अयूब तांडेलांनी मान भिंतीकडे वळवली. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे बोट केलं नाही.

मित्रांनो, आज मला कोणी सुरू करत नाही. खाऱ्या हवेनं माझे खिळे गंजले आहेत. आम्हा यंत्रांना नवं जरूर शिकवा. पण आमचं जुनं पुसण्याआधी, आमच्यापाशी कोणी काय ठेवलंय, ते एकदा विचारा, आणि ते कागदावर उतरवून घ्या. एवढं मागून मिरकरवाड्याच्या त्या घरातलं काही परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

अयूब तांडेल १९८८च्या ऑगस्टमध्ये, एका शुक्रवारी सकाळी वारले. नारळी पौर्णिमा व्हायची होती, होड्या अजून किनाऱ्यावरच होत्या.