राहून गेलेलं टिंब

म्हसरूळच्या पुढे दिंडोरी रस्त्याला लागून लंकाबाईचा मळा होता. शेवंती, झेंडू, थोडी बिजली आणि कडेनं घरापुरती मेथी. सकाळी तोडलेली फुलं नवरा देवराम टेम्पोत भरायचा, मग दोघं पंचवटीच्या फूलबाजारात यायची. गिऱ्हाईक हल्ली मोबाईलवर पैसे टाकत. फोन बोलला की लंकाबाई मान डोलवायची आणि पुडी बांधायची. पैसे घ्यायला ती शिकली होती, पाठवायची वेळ मात्र तिच्यावर कधी आली नव्हती.

तिची भाची तेजस्विनी पंचवटीतच एका ट्रस्टच्या डायलिसिस केंद्रात मशीनवर काम करायची. तिथं वणी-दिंडोरीकडचे पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा यायचे, कुणी एसटीनं, कुणी जीपमध्ये कोंबून. रक्त शुद्ध करून झालं की माणूस पिळलेल्या फडक्यासारखा होतो. त्या अवस्थेत परत जीपला लोंबकळत जायचं. या लोकांना ने-आण करायला एक गाडी घ्यावी म्हणून ट्रस्टनं ऑनलाइन वर्गणी काढली होती.

तेजस्विनीनं आत्याला फोन केला. "आत्या, तुमच्या मळेवाल्यांच्या ग्रुपवर लिंक टाक ना. पेशंट तुमच्याच रस्त्यानं येतात."

लंकाबाईनं टाकली. त्या ग्रुपवर बाजारात माल विकून देणारे आडते, दुकानदार आणि हारवाल्याही होत्या, पण बाजारभाव, फवारणीची औषधं आणि देवांचे फोटो यापलीकडे फारसं काही येत नसे. दोघांनी हात जोडले, एकानं अंगठा दाखवला आणि तिसऱ्यानं लगेच कोथिंबिरीचा भाव विचारला. दोन दिवस झाले, कुणी हललं नाही. एखाद्याच्या दारात उभं राहून हाक मारावी आणि आतून टीव्हीचा आवाज मोठा व्हावा, तसं लंकाबाईला वाटलं. गाडीपेक्षा तिला स्वतःच्या शब्दाचीच जास्त काळजी लागली.

"मीच पयले देते," ती देवरामला म्हणाली. "एक्कावन रुपये. मी दिले म्हंजे बाकीचे बी देतील."

आडत्याच्या पट्टीवर रकमेपुढे टिंब आणि दोन शून्यं असतात, तशी तिनं एक्कावन्नपुढे दोन शून्यं दाबली. टिंब राहिलं. चष्मा घरात होता. पुढच्या पानावर एक्कावन्न दिसले, पुढे शून्यं दिसली, म्हणजे सगळं जिथल्या तिथं. तिनं पिन टाकला. फोनवर हिरवी टिकली उमटली, खाली 'ही आनंदाची बातमी सांगा' असं एक बटण आलं. तेही दाबून तिनं ती बातमी ग्रुपवर टाकली आणि ती शेवंती खुडायला गेली.

दुसऱ्या दिवशी बाजारात काहीतरी वेगळं होतं. रोज "ए मावशी, टोपली सरकव" म्हणणारा आडत्या उठून म्हणाला, "या लंकाबाई, चहा घ्या." पलीकडच्या दुकानदारानं नमस्कार केला. एका माळकऱ्यानं तर तिच्या पायाला हात लावला. लंकाबाई चकित झाली. एक्कावन्न रुपयांत एवढा मान मिळतो हे ठाऊक असतं तर आपण हे कधीच केलं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं. शेजारी हार ओवत बसणारी चतुराबाई मात्र त्या दिवशी गप्प गप्प होती.

संध्याकाळी कळलं की चिमाजीनंही पैसे दिले. चिमाजी म्हणजे लंकाबाईचा दीर. मधल्या बांधावरून टेम्पो न्यायचा की नाही यावरून दोन घरांचं बोलणं बंद पडून बरीच वर्षं झाली होती. बैल विकत घेतानासुद्धा खिशातून हात बाहेर न काढणारा हा माणूस, आणि त्यानं वर्गणी दिली! त्याच्या मागोमाग द्राक्षवाल्यांपैकी दोघांनी दिली, मग सोसायटीच्या चेअरमननं दिली.

"बघा," लंकाबाई नवऱ्याला म्हणाली, "म्हणलं व्हतं ना."

देवराम कमी बोलणारा माणूस. तो नुसता हसला.

खरा प्रकार उघडा पडला तो रोपवाटिकेत. दसऱ्याच्या झेंडूसाठी रोपं सांगून ठेवली होती. क्रेट टेम्पोत चढले, लंकाबाईनं फोन पुढे केला, तर पैसे जाईनात. रोपवाटिकेवाल्यानं दोनदा बघितलं आणि म्हणाला, "मावशी, खात्यात तेवढे नाहीत."

"असं कसं? चांगले व्हते."

देवरामनं खिशातला चष्मा तिच्या हातात दिला. तिनं मागचे व्यवहार एकेक करून बघितले. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. एक्कावन्न नव्हतेच ते. एक्कावन्नशे होते.

क्रेट परत उतरवले. रिकामा टेम्पो घराकडे निघाला. लंकाबाईला आधी रोपांची चिंता लागली आणि मग दुसरंच काहीतरी जास्त टोचायला लागलं. बाजारातला तो चहा, ते नमस्कार, पायाला लागलेला तो हात, हे सगळं तिचं नव्हतंच. ते राहून गेलेल्या टिंबाचं होतं.

"राहू द्यायचे का ते पैसे?" घरी आल्यावर तिनं विचारलं. "रोपं उसनवारीनं आणू."

"तुला काय वाटतं?"

"काय वाटायचं? दोन दिस लोकं लंकाबाई म्हणाया लागले. गोड लागलं. आता काय सांगू?"

देवरामनं तंबाखूची डबी काढली, उघडली आणि पुन्हा मिटली. "तेजूला भेटून ये," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाजार उरकून लंकाबाई केंद्रावर गेली. तेजस्विनी जेवणाच्या सुट्टीत बाहेर बाकावर डबा खात होती. लंकाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळत सगळं सांगितलं. तेजस्विनी आधी खो-खो हसली आणि मग आत्याचा चेहरा बघून तिनं हसू आवरलं.

"अगं, त्यात काय एवढं? चुकून गेलेले पैसे आम्ही परत देतो. दर महिन्याला कुणीतरी असतंच. पूर्ण रक्कम परत जाईल, मग तुला हवं तर एक्कावन्न पुन्हा भर."

"पण माझं बघून बाकीच्यांनी दिले ना गं. चिमाजीभाऊजींनी तर माझ्यावर चढ म्हणून दिले असतील. मी काढून घेतले तर त्यांना फसवल्यासारखं नाय व्हणार?"

तेजस्विनीनं चटणीचा डबा पुढे सरकवला. "आत्या, लोक का देतात ते मी रोज बघते. एकजण टॅक्सची पावती मिळते म्हणून देतो. एक बाई सासूच्या नावानं देते, सासू जिवंत असताना तिच्याशी कधी नीट बोलली नाही म्हणून. एका पोरानं परवा दिले, कारण त्याला आवडणाऱ्या मुलीनं लिंक टाकली होती. सगळ्यांचं मन तपासत बसले तर गाडी कधी येणार?"

"मंग माझे ऱ्हाऊ दे का?"

"रोपांचं काय करशील?"

"घेईन उसने."

"मग नको," तेजस्विनी ठामपणे म्हणाली. "उसने काढून दिलेलं तुला रोज टोचेल, आणि पुढच्या वेळी कुणी दहा रुपये मागितले तरी तू तोंड फिरवशील. परत घे, आत्या."

पैसे दोन-तीन दिवसांत येणार होते. आता लंकाबाईपुढे दुसराच प्रश्न उभा राहिला. वर्गणीच्या ऑनलाइन पानावर देणाऱ्यांची नावं आणि रकमा दिसत; तिथून तिचं नाव निघालं की कुणाच्या तरी लक्षात येणारच. तिनं तो देवरामपुढे मांडला.

"बोलायचं तर आपणच बोलावं," तो म्हणाला. "दुसऱ्यानं सांगितलं तर ती लबाडी ठरती. आपण सांगितलं तर चूक."

त्या माणसानं महिन्याभरात केलेलं हे सर्वांत लांब भाषण होतं. ते ऐकून लंकाबाई उठली, ओसरीत येऊन बसली आणि तिनं फोन तोंडाशी धरला. लिहिणं तिला जमलं नसतं.

"राम राम मंडळी. मी लंकाबाई बोलते. मी गाडीला पैसे दिले ते तुमी सगळ्यांनी बघितलं. मला एक्कावनच द्यायचे व्हते. टिंब द्यायचं राहिलं अन् एक्कावनशे गेले. मला झेंडूची रोपं घ्यायचीत, म्हणून मी ते परत मागितलेत. एक्कावन मात्र भरणार हाय. तुमी मला मान दिला, चहा पाजला, तो माझा नव्हता. ज्यांनी माझं बघून दिले आन् ज्यांना परत पाहिजेत, त्यांनी मागा. तेजू म्हणते मिळतात. मला माफ करा."

तिनं पाठवून दिलं आणि फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला. बराच वेळ तो वाजला नाही. सगळ्यांनी ऐकलंय आणि कुणी काही बोलत नाही, याहून मोठी शिक्षा नसते.

सकाळी ती सरीत वाकली होती, तेवढ्यात बांधावर कुणीतरी खाकरलं. चिमाजी होता. डोक्याला उपरणं, हातात काठी, आणि चेहरा असा की हसावं की भांडावं हे त्याचं अजून ठरलेलं नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "टिंब व्हय?"

"टिंब, भाऊजी."

मग तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, तेव्हा देवरामनं पाण्याचा तांब्या आणून दिला. कित्येक वर्षांनी चिमाजी त्या घरचं पाणी प्यायला.

"मी तुमच्यापेक्षा जास्त दिले," तो तोंड पुसत म्हणाला. "बायको म्हणली, आपल्या वहिनी देत्यात अन् तुमी बसा पावली मोजत. लय राग आला. रागारागात दिले."

"मंग मागा ना परत. मी सांगते तेजूला."

चिमाजीनं काठीनं एक ढेकूळ फोडलं. "काल बघितलं मी ते पान. तिथं राग लिहून येत नाय, वहिनी. नुसतं नाव येतं. पोरीनं सासरी सगळ्यांना दाखवलं. आता काय मागायचे? राहू द्या." मग काठी बांधाला टेकवून तो म्हणाला, "चहा ठिवा."

चहा झाला. वाटेची गोष्ट कुणी काढली नाही, पण जाताना तो "येतो" म्हणाला, आणि तेवढंही पुष्कळ होतं.

बाजारात मात्र ती मान खाली घालूनच शिरली. आडत्या कागदांत डोकं घालून बसला होता, आज चहा नव्हता. ती आपल्या जागी बसली तोच चतुराबाईनं सुई-दोरा खाली ठेवला आणि तिच्याकडे सरकली.

"एक सांगू का, लंके? तू पयल्यांदा लिंक टाकली ना, तवाच मी एकवीस रुपये द्यायचं ठरवलं व्हतं. माझा मामा त्याच दुखण्यानं गेला. पर तुझे ते एक्कावनशे बघितले अन् फोन खाली ठिवला. म्हणलं, ह्या मोठ्या लोकांत माझे एकवीस कुठं दिसायचे? उगा हसं व्हईल."

आपल्या मोठ्या आकड्यानं चार जणांना पुढे आणलं, हे लंकाबाईनं मोजलं होतं. त्याच आकड्यानं किती जणांना मागे ढकललं, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"आता देते का?" तिनं विचारलं.

"दिले बी. सकाळीच. तुझं बोलणं ऐकलं अन् दिले."

आणि चतुराबाई एकटी नव्हती. दुपारी तेजस्विनीचा फोन आला, तिच्या आवाजात धाप होती. "आत्या, काय केलंस तू? सकाळपासून पैसे येतायत. अकरा, एकवीस, एक्कावन्न. कुणी हार करणाऱ्या आहेत, कुणी भाजीच्या गाड्यावरचे, एक रिक्षावाला आहे. तुझा आवाज कुणीतरी दुसऱ्या ग्रुपवर टाकलाय."

"आगं बाई! किती जमले?"

"रक्कम फार नाहीये. माणसं खूप आहेत."

त्या लहान लहान रकमांनी गाडी आली असती असं नाही. पण आठवड्याभरानं सातपूरचा एक छोटा कारखानदार ट्रस्टच्या ऑफिसात आला. ते पान तो पहिल्यापासून बघत होता. गाडी खरंच कुणाला हवी आहे की ट्रस्टलाच मिरवायची आहे, अशी त्याला शंका होती, म्हणून थांबला होता. आता त्या रस्त्यावरच्या माणसांच्या नावांची एवढी लांब रांग बघून त्यानं उरलेली रक्कम भरली. आपलं नाव गाडीवर मोठ्या अक्षरांत घाला, असंही तो म्हणाला. ट्रस्टनं घातलं.

गाडी नवरात्राच्या आधी सुरू झाली. पांढरी, आत आडवं होता येईल अशा सीटा, चढायला खाली पायरी. रोज सकाळी ती वणीकडून येताना मळ्यावरून जाई आणि दुपारनंतर परतताना दिसे. एक्कावन्न भरून उरलेल्या पैशांतून लावलेल्या झेंडूतलं काम थांबवून लंकाबाई बघायची, कधी हात करायची, कधी नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी परतीची गाडी अचानक मळ्यासमोर थांबली. ड्रायव्हरनं दार उघडलं. पायरीवर हात टेकत एक म्हातारी खाली उतरली. दंडाला पट्टी, चेहरा ओढलेला, पण डोळे भलतेच चौकस.

"कशी दिली शेवंती?" तिनं विचारलं.

लंकाबाईनं भाव सांगितला.

"आयाव! वणीत याच्या निम्म्यानं मिळती."

"मंग वणीत घ्या की," लंकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तिथली कालची असती. ही आत्ता तोडली."

"मला नवसाबाई म्हणत्यात. मला काल-आजचं कळतं." म्हातारीनं एक फूल उचलून नाकाला लावलं, देठ मोडून बघितला. "पाच रुपये कमी कर."

"दोन करते."

"तीन."

गाडीतून कुणीतरी हसलं. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, चला, उशीर होतोय. आत तर मान धरवत नव्हती तुम्हाला."

"गप रे. घट बसवायचाय मला," नवसाबाई म्हणाली. तिनं कनवटीचे पैसे काढून बरोबर तीन रुपये कमी दिले आणि पुडी छातीशी धरली. लंकाबाईनं तिला दुसऱ्या दंडाला धरून पायरीवर चढवलं. आत खिडकीपाशी बसल्यावर दार लागलं तरी ती म्हातारी हातानं काहीतरी खुणावत होती.

लंकाबाई काचेजवळ गेली. "काय म्हणता?"

"दसऱ्याला झेंडू लागंल," नवसाबाई आतून ओरडली. "ठिवून दे माझ्यापुरता. अन् भाव नीट लाव!"