विमानात बसण्याआधी दत्तूकाकांना विचारा

काशीच्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरांतून कुणाला विमानाने जायचं झालं, की तो माणूस आधी दत्तात्रेय गुरुजींच्या बैठकीत येऊन टेकायचा. सात-आठ वर्षांपूर्वी लंडनच्या मराठी मंडळींनी देवाच्या प्राणप्रतिष्ठेसाठी त्यांना तिकडे नेलं होतं. गेले एकदाच, पण त्या एका फेरीच्या जोरावर दत्तूकाका असे बोलायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं विमान यांच्याच गोठ्यात बांधलेलं असतं.

आणि खोटं कशाला बोला, सल्ला चोख असायचा. कपडे सैल घाला. नवी चप्पल पायात घालू नका, वर गेल्यावर पाय सुजतात. पंखाजवळची जागा मागून घ्या, तिथे हेलकावे कमी. औषधं आणि एक धुतलेलं धोतर हातातल्या पिशवीत असू द्या, म्हणजे पेटी भलत्या गावी गेली तरी पंचाईत नको. आदल्या दिवशी कचौडी-जलेबी हाणू नका, पोट नगाऱ्यासारखं फुगतं. मधूनमधून उठून पाय मोकळे करा. बँकेतले श्रीनिवासराव पहिल्यांदा दिल्लीहून मद्रासला उडाले तेव्हा भीतीने पांढरेफटक झाले होते. त्यांना काकांनी सांगितलं, डोळे मिटून श्वास सोडताना मोजा, घेताना मोजू नका. श्रीनिवासरावांना त्याचा इतका गुण आला, की ते जातील तिथे काकांचं नाव काढत.

पण सगळ्यांना सगळ्यांत आधी बजावून सांगायची गोष्ट एकच. "जुकाम असेल तर जाऊच नका. तिकीट पुढे ढकला. आणि हवाई जहाज उतरायला लागलं, की जागं राहायचं, तोंडात खडीसाखर धरायची, आवंढे गिळायचे." हे सांगताना काकांचा आवाज चढायचा. लोकांना वाटायचं, काय कळकळ आहे माणसाची.

कळकळ कसली, कान होता तो. काका स्वतः माघात पंचगंगा घाटावर बुडी मारून, जुकामाने वाहत्या नाकाने विमानात चढले होते. परक्या हातचं पाणी नको, बोलणं नको, जप मोडायला नको, म्हणून तोंड घट्ट मिटून डाव्या खिडकीला डोकं टेकून झोपले. विमान उतरताना कानात कुणी सळई खुपसल्यासारखी कळ आली आणि डावा कान गेला तो गेलाच. ही गोष्ट बायकोला, पद्माकाकूंना, ठाऊक होती. तिसऱ्या माणसाला नाही.

घनपाठ म्हणणाऱ्याचा कान गेला हे बाहेर कळून कसं चालेल? मंत्रातले शब्द पुढे-मागे गुंफत, उलटे फिरवत म्हणत जायचं, आणि तेही जोडीने, एका श्वासाने. जोडीदाराचा स्वर कानात नसला की माणूस भर सभेत वाट चुकतो. म्हणून दत्तूकाकांनी एक युक्ती काढली होती. रामघाटावर दर चैत्रात वसंतपूजा व्हायची, सगळे वैदिक देवाकडे तोंड करून एका ओळीत बसायचे. काका टोकाची, खांबाजवळची जागा धरत. डावीकडे खांब, उजवीकडे जोडीदार. विचारलं तर म्हणत, कंबर धरते, आधार लागतो. जोडीदार नेहमी विश्वेश. चुलतभावाचं पोर, बाप लवकर गेला, काकांनीच मुंज लावली, काकांनीच संथा दिली. गळा असा, की तो म्हणायला लागला की घाटावरचे नावाडीसुद्धा वल्हं थांबवत.

त्या वर्षी पौषात लंडनचे तेच यजमान काशीला आले. उतरले काकांकडे, जेवले काकांकडे, आणि संध्याकाळी काकांनीच कौतुकाने विश्वेशला म्हणायला बसवलं. हौस होती ना, माझा शिष्य म्हणून मिरवायची. यजमान ऐकत राहिले. निघताना म्हणाले, "गुरुजी, यंदा आमच्याकडच्या पाठाला यांना पाठवा. तुम्हाला आता एवढा प्रवास झेपायचा नाही."

काका हसले. यजमानांना पार गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून आले. मग बैठकीत येऊन बसले ते दिवा लावायची वेळ झाली तरी उठले नाहीत. जळत होतं सगळं आत. पुन्हा विमानात बसायची त्यांना भीतीच वाटत होती, त्यांना बोलावलं असतं तरी ते काहीतरी सबब काढून गेले नसते. पण बोलावलंच नाही, आणि बोलावलं ते आपल्याच ताटातल्या पोराला, हे त्यांना गिळवेना.

निघायच्या आदल्या दिवशी विश्वेश आला. नाक लाल, डोळे पाणावलेले, उपरण्याच्या टोकाने सारखं नाक पुसतोय. काकांच्या पाया पडला आणि समोर मांडी घालून बसला, लहानपणी संथेला बसायचा तसा.

"काका, सगळं सांगा. मी तर आजवर बाबतपूरचा हवाई अड्डासुद्धा पाहिलेला नाही."

काकांनी सगळं सांगितलं. सैल कपडे, जुनी चप्पल, पिशवीतलं धोतर. पोरगं मन लावून ऐकत होतं, मधून शिंकत होतं.

"जुकाम झालाय काका. चालेल ना? नाहीतर दोन दिवस पुढे ढकलू का?"

पद्माकाकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

दत्तूकाकांनी पानाचा डबा उघडला, सुपारी शोधली, डबा मिटला. "जुकामाने कुणी मरतं का रे विशू? वर गेलं की नाक आपोआप मोकळं होतं. आणि ढकलशील, तर ते लोक दुसऱ्याला बोलावतील. वाट बघत बसणारी माणसं नाहीत ती."

"आणि उतरताना कान दुखतात म्हणे?"

"ते नास्तिकांचे. तू ब्राह्मण ना? पहाटे पंचगंगेवर बुडी मार, मौन धर आणि जप सुरू कर. विमानातली पोरगी तबकात गोळ्या घेऊन येईल, घेऊ नकोस. कुणाच्या हातच्या, कशाच्या, काय नेम? डाव्या हाताची खिडकी माग, तिला डोकं टेक आणि झोप. झोपेत कळतसुद्धा नाही उतरलेलं."

काकूंनी चहा खाली ठेवला, आत गेल्या आणि खडीसाखरेची पुडी घेऊन आल्या. "घरची आहे. ही ठेव तोंडात. हिला काय दोष?"

"राहू दे," काका म्हणाले. "जपाला बसलेल्याचं तोंड उष्टं करू नये, एवढंही आता मी शिकवायचं का?"

विश्वेशने काकूंकडे पाहून मान हलवली, नको म्हणाला. काकूंनी पुडी कनवटीला खोचली. एकदा त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता. विश्वेश पुन्हा पाया पडला, डोळे भरून आले त्याचे. म्हणाला, "बाप असता तर त्यानेही एवढं सांगितलं नसतं."

तो गेला तेव्हा काकू उंबऱ्यापर्यंत गेल्या. हाक मारायला तोंड उघडलं होतं त्यांनी. पण जन्मभर ज्या बाईने नवऱ्याचा शब्द खाली पडू दिला नाही, तिच्याने ते होईना.

"जन्माचं नुकसान होईल पोराचं," परत येऊन त्या म्हणाल्या.

"काही होत नाही. जरा घसा बसेल, चार लोकांत जरा तोंडावर पडेल. पाय जमिनीवर राहतील."

असं स्वतःला समजावून ते निवांत जेवले. कान जावा असं आपल्या मनात नव्हतं, हेही त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. मनात काय होतं ते मनालाच विचारायची सोय नसते, हे एक बरं असतं अशा लोकांचं.

विश्वेश माघ संपता संपता परत आला. भेटायला आला तेव्हा सोबत काकूंसाठी शाल होती, काकांसाठी लोकरीचे मोजे. प्रवास कसा झाला विचारलं तर म्हणाला, तुम्ही सांगितलंत तस्संच केलं काका. लंडनला कसं झालं विचारलं तर म्हणाला, घसा साथ देत नव्हता, मध्येच थांबावं लागलं, पुढचं तिथल्याच एकाने निभावलं. बोलता बोलता काकूंनी डावीकडून काही विचारलं, तर पोराने पूर्ण मान वळवून उजवा कान त्यांच्याकडे केला.

ती मान दत्तूकाकांनी ओळखली. का नाही ओळखणार? आरशात रोज बघत होते. तेव्हा त्यांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बरं वाटलं. लपवायचं कशाला, बरंच वाटलं. आता लंडन गाजवून आलेले पुन्हा ते एकटेच होते, आणि काशीत विमानाचं विचारायला लोक पुन्हा त्यांच्याकडेच येणार होते. काकू मात्र आत जाऊन चुलीपाशी बसल्या त्या पाहुणा जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मग चैत्र आला आणि रामघाटावर वसंतपूजा आली. गुलाबपाणी शिंपडलं होतं, हरभऱ्याची डाळ आणि पन्हं मांडलं होतं, बायका मागच्या सतरंजीवर दाटीने बसल्या होत्या. वासुदेवशास्त्री सगळ्यांत वयाने मोठे, ते समोर बाजूला बसून सभा चालवत. दत्तूकाका उपरणं सावरत आले आणि पाहतात, तर खांबाजवळ विश्वेश बसलेला.

"ऊठ रे. माझी जागा ती."

विश्वेश उठला नाही. हात जोडून म्हणाला, "काका, आजपासून मला इथे बसू द्या. माझा डावा कान गेलाय. तुम्ही उजवीकडे बसलात तर तुमचा स्वर मला मिळेल. नाहीतर मला म्हणताच यायचं नाही."

हळूच म्हणाला होता, पण सभा म्हणजे सभा. ओळीतून मागच्या सतरंजीपर्यंत गोष्ट गेली. वासुदेवशास्त्र्यांनी विचारलं, कधी, कसा? विश्वेशने सांगितलं: जुकाम होता, विमान उतरताना गेला. डॉक्टर म्हणाले, आता यायचा नाही.

मागून बँकेतले श्रीनिवासराव म्हणाले, "अरे भाई, जुकामात चढलासच कशाला? काकांना विचारायचंस ना. मला, माझ्या आईला, सगळ्यांना ते पहिलं तेच सांगतात. जुकाम असेल तर जाऊच नका."

भला माणूस. त्याला काय ठाऊक, तो काय बोलून गेला.

विश्वेश वळून काकांकडे पाहत राहिला. काकांनी एक वाक्य बोलायचं होतं: माझाही डावाच कान गेलाय, ती जागा मला दे. एवढं बोलले असते तर निदान काकांचा पाठ तरी वाचला असता. पण ते बोलायचं म्हणजे सगळंच बोलायचं. जुकामाचं माहीत होतं, कानाचं माहीत होतं, खडीसाखरेचं माहीत होतं. मागे पद्माकाकू बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"बसा काका," विश्वेश म्हणाला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "उजवीकडे बसा."

दत्तूकाका उजवीकडे बसले. पोराकडे आला तो मेलेला कान.

पाठ सुरू झाला, पहिली पाळी याच जोडीची. काकांनी नेहमीसारखे डोळे मिटले. पहिल्या काही ओळी सवयीने गेल्या. मग शब्द उलटे फिरायची जागा आली, आणि जोडीदाराचा स्वर हवा होता तिथे नुसती मेलेल्या कानातली शीळ वाजत होती, आठ वर्षांची जुनी. काकांनी अंदाजाने स्वर लावला. चढा लागला. तो झाकायला त्यांनी आवाज वाढवला. आवाज वाढवला तसं जे थोडंफार उजवीकडून वळसा घालून येत होतं तेही बुडालं. वासुदेवशास्त्र्यांनी हात वर केला. विश्वेश थांबला. सगळी ओळ काकांकडे पाहू लागली. काकांचे डोळे मिटलेले होते.

ते म्हणत राहिले. भरल्या सभेत एकटे, चुकीच्या जागेवरून, खणखणीत आवाजात म्हणत राहिले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पद्माकाकू उठल्या आणि मान खाली घालून जिन्याकडे चालू लागल्या, तरी ते म्हणतच होते.

विश्वेशने मान झुकवून डावीकडूनच विचारलं, "काका, कधीपासून?"

काकांनी पुढचा शब्द उचलला.

तेव्हा विश्वेशने डावीकडच्या खांबाला हात लावून पाहिलं. इतकी वर्षं काका इथेच का बसत होते, ते त्याला आता कळलं. तो उठला, काकांच्या पाठीमागून उजवीकडे आला आणि त्यांच्या कानाशी वाकून बसला.

"थांबा काका. पाठ केव्हाच थांबलाय." मग आणखी जवळ येऊन म्हणाला, "मी तुम्हाला विचारलं होतं. जुकाम झालाय, ढकलू का, म्हणून विचारलं होतं."

उजवा कान शाबूत होता, त्यामुळे दत्तूकाकांना शब्द न् शब्द नीट ऐकू आला.