दाराजवळचं टेबल

माजी सैनिकांच्या सभागृहात शुक्रवारचे तळलेले मासे पानात पडत होते. अमेरिकेच्या संसदेच्या निवडणुकीला उभी राहिलेली डोरीन बोलायला उठली. ‘इथे परदेशात चाललेल्या युद्धाचा विषय काढलास तर मतं गेलीच,’ असं सगळ्यांनी तिला बजावलं होतं.

तिने तोच काढला. “आपली पोरं परत आणायची.”

“म्हणजे गेलेली फुकट गेली?” म्हातारा वॉल्ट गरजला.

डोरीनने दाराजवळच्या छोट्या टेबलाकडे पाहिलं. पांढरं कापड, पालथा पेला, त्यांच्या कडू नशिबाची खूण म्हणून लिंबाची फोड, रिकामी खुर्ची. न परतलेल्यांसाठी मांडलेलं.

“वॉल्टकाका, माझ्या भावासाठी, टेडसाठी, हे तुम्हीच मांडलंत. अकरा वर्षं झाली. जिंकायचं म्हणजे नेमकं काय, ते अजून कुणी सांगत नाही. भावाचा मान राखायला दुसऱ्या कुणाचा भाऊ का पाठवू?”

“मत नाही मिळायचं हो!” मागून कुणीतरी ओरडलं.

“नका देऊ. मी हेच बोलणार.”

वॉल्टने त्या लिंबाकडे पाहिलं. मग त्याने आपल्या शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली.

“बस, मासे गार होतायत. पुढच्या शुक्रवारी पलीकडच्या गावात हेच बोल. गाडी मी चालवतो.”