खाल्लेलं जातं कुठे

मी दंड मोजायची पट्टी बोलतेय. दंड म्हणजे खांदा आणि कोपर यांच्या मधला हात, कचेरीत भरायचा तो नव्हे. माझ्या अंगावर तीन रंग आहेत. हिरव्यात आलात तर घरी जा. पिवळ्यात आलात तर सांभाळा. लालमध्ये आलात तर काहीतरी बिघडलंय असं समजा. काय बिघडलंय ते मला सांगता येत नाही, पण संशय घेता येतो. तो मला कुणी शिकवला नाही.

जन्म प्लास्टिकच्या कारखान्यातला. तिथून ढीगभर बहिणींबरोबर पिशवीत भरले गेले आणि एका सिस्टरच्या बॅगेत आले. बॅगेत वजनाचा काटाही होता. काटा भोळा. खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवून उभे राहा, तो तोही मोजतो. पायांना सूज असली तर पाण्यालाच मांस समजतो. म्हणून सिस्टर आधी नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का बघायच्या आणि मग मला बाहेर काढायच्या.

माणसं खाण्याबद्दल जेवढं खोटं बोलतात तेवढं दुसऱ्या कशाबद्दल बोलत नसतील. जाडी म्हणते, मी तर चिमणीएवढं खाते. वाळकी म्हणते, सगळं खाते हो, अंगालाच लागत नाही. मी दोघींच्या तोंडाकडे बघत नाही. दंडाला मिठी मारते आणि काय ते समजून घेते.

एकदा एका घरात आम्हाला बोलावलं. बोलावलं लेकीने, पण घर होतं तिच्या भावाचं. आईला काही आठवत नव्हतं, माणसं ओळखू येत नव्हती आणि ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. सिस्टरनी मला आजींच्या दंडाला लावलं. दंड लालमध्ये.

लेक वहिनीकडे वळली. "बघितलंस? आता बोल."

"काय बोलू, वन्सं? दोन वेळा जेवतात, मधे दूध, अंडं, केळं. ताट पुसून खातात."

"मग जातं कुठे ते? भिंत खाते?"

"मला माहीत असतं तर ह्या सिस्टरना बोलवावं लागलं असतं का?"

"त्यांना तू नाही बोलावलंस. मी बोलावलं."

आजींचा मुलगा मधे पडला नाही. तो चप्पल शोधत होता.

खरं सांगते, मी लेकीच्या बाजूने होते. सुनेच्या हातचं खाऊन सासू वाळते, तेव्हा सगळ्यांचं बोट एकाच चुलीकडे जातं. माझंही गेलं. सिस्टर म्हणाल्या, आधी रक्त तपासू. तपासलं. साखर ठीक, थायरॉइड ठीक. तेव्हा तर लेकीने निकालच देऊन टाकला. "रविवारी आईला घेऊन जाते. वरच्या खोलीत ठेवीन, बाहेरून कडी घालीन. बसून खाईल आणि अंग धरील. मग सगळ्या नातेवाइकांना सांगते इथे काय चाललं होतं ते."

सुनेने ओट्यावरचं फडकं एवढं पिळलं की ते फाटलं.

त्या गडबडीत सिस्टर मला टेबलावर विसरल्या. आजींनी मला उचललं, मनगटाला गुंडाळलं आणि चालायला लागल्या.

तिथे माझे डोळे उघडले. आजी थांबतच नाहीत. स्वयंपाकघरातून पुढच्या दाराशी, तिथून फाटकाशी. फाटकाची कडी काढायची, गल्लीच्या टोकाकडे बघायचं, "अजून आली नाही" म्हणायचं, कडी लावायची आणि परत मागे. सून मागून ताट घेऊन फिरते, घास भरवते. आजी चालता चालता गिळतात. सकाळी बघावं तर हेच, संध्याकाळी बघावं तर हेच. पोटात पडलेला घास दंडापर्यंत पोचणार कधी? तो पायच खाऊन टाकतात. सून चोर नव्हती. पण मला तोंड कुठे हे सांगायला?

रविवारी लेक रिक्षा घेऊन आली. सिस्टरही मला न्यायला आल्या होत्या. आजी काही थांबेनात, म्हणून सिस्टर मला सोडवायला त्यांच्या बरोबरीने चालू लागल्या. फाटकापर्यंत गेल्या, मागे आल्या, पुन्हा गेल्या. मग बॅग खाली ठेवून म्हणाल्या, "ह्या रोज अशाच चालतात?"

"रोज," सून म्हणाली. "मला वाटायचं, चालणं बरं असतं."

"अहो, जेवढं खातात त्याहून जास्त खर्च होतंय."

लेक हसली. "घरातल्या घरात चालून कुणी वाळतं होय? वहिनीने तुम्हालाही चहा पाजलेला दिसतोय."

"तुम्ही चाला की त्यांच्याबरोबर," सून म्हणाली. "रिक्षा थांबेल."

लेक पदर खोचून निघाली. हट्टी बाई. पण दुपारपर्यंत तिचे पाय भरून आले. आईला जबरदस्तीने खुर्चीत बसवायला गेली, तर आजी हात झटकून म्हणाल्या, "सोडा मला. शाळा सुटली. माझी ठमी एकटीच येईल."

लेकीचा हात सुटला. ती आईच्या समोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आई, मीच ठमी."

आजींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांची नजर माझ्यासारखीच, संशयाची. "काहीतरीच काय बाई. माझी ठमी एवढीशी आहे."

रिक्षा रिकामी गेली.

सिस्टरनी नवी पट्टी घेतली. मी आजींच्या मनगटावरच राहिले. माझे रंग आता घासले गेलेत. सून भात दुधात कालवून, तूप घालून दर फेरीला दोन घास देते. दंड लालमधून पिवळ्यात आलाय, हिरव्यात येईल असं मला वाटत नाही. लेक दर रविवारी येते. वहिनीशी अजून मोकळं बोलत नाही, पण उकडलेलं अंडं हातात घेऊन आईबरोबर चालते.

माझं एवढंच मागणं आहे. कुणी वाळताना दिसलं तर त्याचं ताट जरूर बघा, मीही आधी तेच बघितलं होतं. पण बोट दाखवायच्या आधी एक दिवस त्या माणसाबरोबर चाला.

परवा फाटकाशी आजींनी लेकीला विचारलं, "तुम्ही रोज येता. तुमचं कोण यायचं राहिलंय?"

लेकीने अंड्याचा तुकडा पुढे केला. आजींनी तो तोंडात घेतला आणि गल्लीच्या टोकाकडे बघत राहिल्या.