चाकावरची नणंद

आमच्या शिडाच्या बोटीवर एक नणंद होती. खरी नव्हे, ह्यांना बहीणच नाही. सुकाणूच्या चाकावर एक जाड काळं कडं बसवलेलं होतं, आत मोटर आणि दातेरी पट्टा. दिशा ठरवून दिली आणि बाजूचा खटका ओढला की ते स्वतः चाक फिरवून बोट त्या दिशेला धरून ठेवायचं. त्याला ऑटोपायलट म्हणतात. पण काम करताना ते अखंड कुरकुरायचं, म्हणून मी त्याला नणंद म्हणायला लागले. सगळं करणार, पण बोलून दाखवल्याशिवाय इकडची काडी तिकडे करणार नाही.

"माझ्या बहिणीला नावं ठेवू नकोस," हे म्हणायचे. "तुझ्यापेक्षा कमी बोलते."

घर विकून आम्ही बोटीवर राहायला आलो त्याला बराच काळ झाला. लांबच्या प्रवासात एकाने झोपायचं, दुसऱ्याने नणंदेवर लक्ष ठेवायचं, असं आमचं चाललं होतं. मग तिच्या पट्ट्याचे दाते झिजले. मध्येच चाक सोडून द्यायची. ह्यांनी जुन्या शिवणयंत्राचा पट्टा कापून बसवला, तो दुपारपर्यंत टिकला.

मुलीला कळलं तेव्हा तिने फोनवर तोंड सोडलं. "आई, ह्या वयात तासन्‌तास चाक धरून बसणार आहात का दोघं? नवीन पायलट बसवा, नाहीतर बोट विका आणि माझ्याकडे या. मागची खोली रिकामीच आहे."

ती खोली मला ठाऊक होती. तिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. आम्ही तिथे राहिलो होतो तेव्हा हे दिवसभर खिडकीची कडी काढत आणि लावत बसले होते. मी म्हटलं, नवीनच बसवू.

वायरमन धक्क्यावरून खोकं घेऊन उतरला. मधला नट सोडवून त्याने चाक काढलं, ते मांडीवर आडवं घेतलं आणि नणंदेला सोडवायला लागला. हे शेजारी बसून होते.

"हीच दुरुस्त नाही का होणार?"

"काका, हिचा पट्टा आता बनतच नाही. आतले दाते बघा, बोळकं झालंय."

"बोळक्यानेसुद्धा माणूस जेवतो."

"जेवतो हो. पण चणे नाही फोडत."

नवीन कडं बसवून त्याने चाक परत चढवलं. नवीन होकायंत्र आत, माझ्या डब्यांच्या कपाटात लावलं. "काकू, इथे लोखंडाचं काही ठेवायचं नाही. लोखंड जवळ आलं की ह्याचं डोकं फिरतं." मग खटका ओढून त्याने पायलट चालू केला. चाक थोडं डावीकडे गेलं, थोडं उजवीकडे. "ऐका. काही ऐकू येतंय?"

"नाही."

"तेच तर! चालू आहे की बंद, कळणारसुद्धा नाही."

"सुटले बाई," मी म्हटलं. "इतकी वर्षं ऐकून घेतलं."

हे हसले नाहीत. जुन्या कड्यातली मोटर दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून वायरमनने मागितली. मी देऊन टाकली. उरलेलं धक्क्यावरच्या कचऱ्याच्या पिंपात गेलं.

बंदरातल्या शांत पाण्यात सावकाश गोल फिरून त्याने होकायंत्राला दिशा शिकवल्या आणि तो उतरला. मग आम्ही दोघंच बाहेर निघालो. वारा उजवीकडून होता, चांगला भरलेला. हे मोठ्या शिडाचा दोर हातात धरून चाकामागे बसले. मी चहा करायला खाली गेले.

दूध तापत होतं तेव्हा बीप वाजायला लागलं. बारीक, टोचणारं. मला वाटलं, हे बघतील. वाजतच राहिलं. मी पायरीवर चढून डोकं बाहेर काढलं.

बोट हळूहळू वाऱ्याकडे वळत चालली होती. वाऱ्याच्या मानाने उघडलेलं शीड जास्त झालं होतं आणि पायलटला बोट आवरत नव्हती. चाकापुढच्या पडद्यावर लाल अक्षरं उघडझाप करत होती. हे त्याच्याकडेच तोंड करून शांत बसले होते. मान नेहमीसारखी थोडी चाकाकडे कललेली. आणि समोर बंदराच्या तोंडाशी नांगरलेला, पाण्यावर तरंगणारा मोठा लोखंडी बोया होता.

मी धावत जाऊन खटका सोडला आणि चाक फिरवलं. बोया इतक्या जवळून गेला की त्याच्यावरचं शेवाळ हाताला लागलं असतं.

"काय झालं गं?"

"अहो, बीप वाजतंय!"

"कुठे?"

"आत्ताही वाजतंय."

लहान मुलाच्या छातीला लावावा तसा त्यांनी पडद्याला कान लावला. बराच वेळ. "नाही गं, बारीक आवाज हल्ली येतच नाहीत मला," ते म्हणाले.

"आणि ही लाल अक्षरं?"

"असतील. समोरचं, मधोमधचं मला दिसत नाही. कडेकडेचं दिसतं."

"कधीपासून?"

"झालं आता बरंच." मग म्हणाले, "वारा तोंडावर आला तो कळला मला. वाटलं, वाराच फिरला. ही नवी नणंद गप्प होती ना, म्हणजे सगळं ठीक असणार."

मी चाक धरूनच त्यांच्या शेजारी बसले. आजवर वारा वाढला की मी खालून ओरडायचे, "अहो, शीड जास्त होतंय का?" आणि तोवर ह्यांनी दोर सैल सोडलेला असायचा. मला वाटायचं, ह्यांची नजर शिडावर असते. ह्यांचा कान नणंदेवर होता. कुरकुर जड झाली की दोर सोडायचा. टकटक आली की पट्टा घसरतोय, चाक धरायचं.

"आपण मोठा भोंगा लावून घेऊ," मी म्हटलं. "वायरमनला सांगते."

"भोंगा कशासाठी वाजला ते कोण बघणार?"

"मी."

"आणि तू झोपणार कधी?"

खाली दूध उतू गेल्याचा वास आला. चाक ह्यांच्या हातात देऊन मी शेगडी बंद केली, परत आले, खटका ओढला आणि पायलटचं बटण दाबत बोट वळवायला लागले. चाक आपोआप फिरत राहिलं, जराही आवाज न करता. शीड दुसऱ्या बाजूला गेलं. ह्यांनी न सांगता दोर ओढून घेतला.

"वारा डाव्या गालावर आला," ते म्हणाले. "परत चाललो."

"हो."

"वळवली मात्र छान हं त्याने. धक्का नाही की काही नाही."

धक्क्यावर वायरमन उभा होता. दोर झेलत म्हणाला, "काय काकू, कसं काय चाललं?"

"उत्तम."

"बघा! म्हटलं नव्हतं?"

बोट बांधून होते तोच मुलीचा फोन आला. मी धक्क्यावर चढून घेतला.

"बसला का नवीन?"

"बसला."

"नीट चालतो ना?"

"नीट चालतो."

"चला, एक काळजी मिटली."

"अगं," मी म्हटलं, "ती मागची खोली रिकामी आहे ना अजून?"

"बाबांना विचारलंस?"

मी खाली बघितलं. हे बोटीवर बसून दोर गुंडाळत होते. प्रत्येक वेढा बोटांनी चाचपून, आधीच्या वेढ्यावर बरोबर बसवून. उद्या सकाळी निघायचं असलं की गुंडाळायचे, तसे.