जास्तीचा दाब

यमुनाबाईंनी लग्नपत्रिका मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून बोटं फिरवली. पहिली प्रत आधी आईच्या हातात, मग देवापुढे, अशी बोळिंजच्या या छापखान्याची रीत. त्यात ही लेकीची, राधिकाची पत्रिका, आणि कॉम्प्युटरवर केलेली पहिलीच.

"कशी झालीये, आई?" देवेशनं विचारलं.

"छान. अक्षर अगदी ठसठशीत आलंय."

देवेश खूश होऊन वळला आणि थबकला. आईची बोटं पत्रिकेच्या मागच्या, कोऱ्या बाजूवर होती. काचबिंदू झाला तरी थोडंफार दिसतं, असं ती सांगायची. या बाईनं आपल्याला चांगलंच बनवलं, असं वाटून त्याला रागही आला आणि गलबलूनही आलं.

देवेशचे बाबा, सदानंद, होते तोवर छपाईचे खिळे तीच जुळवायची. शिशाची ती उलटी अक्षरं तिच्या बोटांना पाठ होती. छापायला सदानंद स्वतः उभे राहायचे. प्रत्येक कागद उलटा करून ते मागून हात फिरवत. अक्षर मागं उमटलं की देवेशच्या पाठीत धपाटा. एवढा दाब म्हणजे अडाणी काम, म्हणायचे.

आता खिळ्यांच्या लाकडी केसेस दाराशी रचल्या होत्या. वालीवहून टेम्पो आला, शिसं वितळवायला न्यायला.

"आज नको, उद्या या," देवेशनं सांगितलं.

मग त्यानं जाहिरातींचे मोठे खिळे शोधले. राधिका, नवरदेव सिद्धेश, लग्नाचं गाव नंदाखाल, आणि तारीख. एवढं जुळवण्यात दुपार गेली. ट्रेडलवर, त्या जुन्या छपाईयंत्रावर, कागदाखाली त्यानं आणखी चार कागद घातले, आणि बाबांनी आयुष्यभर करू दिलं नाही तेच केलं.

आईनं पत्रिका घेतली, आपणहून पालथी केली. मागं उठून आलेल्या उलट्या अक्षरांवरून बोट उजवीकडून डावीकडे सरकू लागलं. राधिकाच्या नावापाशी ते बराच वेळ थांबलं.

"केवढा दाब दिलायस रे. बाबांनी धपाटा घातला असता."

"हो."

तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. देवेशनं देवापुढे ठेवायला हात पुढे केला, तशी तिनं पत्रिका पदराखाली घेतली.

"देवाला ती कॉम्प्युटरची दे," ती म्हणाली. "त्याला दिसतं."